बाबूराव कुणाच्या घरी पाणी पीत नसत

परवा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि म्हणाल्या, "आजी, प्रेशर वाढलंय. मीठ कमी करा, पापड-लोणचं बंद करा, रोज चालायला जा. शिरा मऊ राहतील. खूप जगाल."

मी म्हटलं, "खूप जगून काय होतं ते मी पाहिलंय."

त्या हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते. मी थट्टा करत नव्हते. मला आमचे शेजारी बाबूराव आठवले होते. त्यांच्याइतक्या चांगल्या शिरांचा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि त्यांच्याइतका एकटाही पाहिला नाही.

मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तेव्हा बाबूराव चाळिशीचे असतील. उंच, वाळलेले, कान मोठे. पाण्याच्या खात्यात मिस्त्री होते. गावाला तेव्हा भंडाऱ्याचं पाणी यायचं. भंडारा म्हणजे डोंगराकडून जमिनीखालून आलेला बोगदा, त्याच्यावर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या आणि पुढे गावात नळ. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण त्यात चुना. बोगद्याच्या भिंतींवर आणि नळांच्या आत त्याचा पांढरा थर बसतो. बाबूराव दोराने कुंडीत उतरायचे आणि छिन्नी-हातोडीने तो थर खरवडायचे. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या चक्कीतून आल्यासारखे. खाली मोठ्याने बोललं की आवाज घुमतो, म्हणून वरही ते हळू बोलत. एक वाक्य बोलले की जरा थांबत. आधीचा आवाज विरू द्यायचा, मग पुढचं. नवीन माणसाला वाटायचं, हे विसरले काय?

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक गोष्ट बोटाच्या पेराने वाजवून बघायची. माठ, भिंत, दाराची चौकट, नदीतलं टरबूज. "वरून काय बघता वहिनी, आत बघा," हे त्यांचं नेहमीचं. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, सासूबाईंच्या डोक्यावर नका वाजवू म्हणजे झालं." ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, "तिथे वाजवायची गरज नाही." सासूबाई आत ऐकत होत्या. आठ दिवस त्यांनी बाबूरावांना 'या' म्हटलं नाही.

मूलबाळ नव्हतं. बायको इंदूताई आणि मित्र एकच, गफूरभाई. गफूरभाई मागच्या गल्लीतले विणकर. घरातच हातमाग, दिवसभर मागावर बसलेले, ओठात विडी. दोघे लहानपणी एका तालमीत होते. बाबूराव गफूरभाईंच्या घरी पाणी पितात, याची आमच्या जातीतल्या मोठ्या माणसांना फार अडचण होती. फाळणीच्या साली तर आमच्याकडचं कुणी त्या गल्लीतून जातही नव्हतं. बाबूराव रोज जात. जात एवढंच नाही, गफूरभाईंच्या दारात उभे राहून, रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं, त्यांच्या माठातलं पाणी पीत. मग एका लग्नात आमच्या लोकांनी पंगतीत त्यांचं पान मांडलंच नाही. ते क्षणभर उभे राहिले, मग इंदूताईंना म्हणाले, "चल, घरी गरम मिळेल." आणि दोघं खरंच हसत गेली. मी पाहिलंय.

एवढं पाणी जो माणूस हट्टाने प्यायला, त्याने पुढे पाणी सोडलं. त्याचं कारण इंदूताई.

इंदूताई भाकरी थापताना परातीवरच कलंडल्या. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, संध्याकाळपर्यंत सगळंच गेलं. चाळिशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणायच्या, आणि आम्ही बायका सुंठेचा लेप सांगायचो. दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. बाबूरावांना समजावं म्हणून त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण त्याने दिलं. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या नळासारखं समजा. आतून थर धरतो, नळ कडक होतो, वाट अरुंद होते, पाण्याचा जोर वाढतो. मग एखाद्या दिवशी फुटतो. बाईंच्या डोक्यातली शीर तशी फुटली."

डॉक्टर उदाहरण देऊन मोकळा झाला. बाबूरावांनी ते उदाहरण म्हणून ऐकलंच नाही. जन्मभर जो थर खरवडला तोच बायकोच्या डोक्यात बसला होता, असं त्यांनी ऐकलं. तेच पाणी, तोच चुना. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाच्या डोक्यात हे आलं नसतं. नळाचा फुटका तुकडा हातात घेऊन, आतलं बोटभर उरलेलं भोक पाहिलेल्या माणसाच्याच डोक्यात ते येणार.

तेरावं झाल्यावर ते पाण्याच्या खात्यातल्या साहेबाकडे गेले आणि सांगितलं की हे पाणी माणसं मारतं. साहेब आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "गावात दंगा करायचाय का? दुसरं पाणी कुठून आणू मी? हा शब्द पुन्हा तोंडातून निघाला तर घरी बसा." आणि वर इंदूताईंची शपथ घ्यायला लावली. बाबूरावांसारख्या माणसाला नोकरीची धमकी लागत नव्हती. शपथ पुरली.

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून नदीवर जायला लागले. एका खांद्यावर कळशी, एका हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या. राजघाटाच्या पायऱ्या उतरायच्या, पाणी भरायचं, भरल्या कळशीने चढायचं. संध्याकाळी पुन्हा. पाणी फडक्याने गाळायचं, तुरटी फिरवायची, उकळायचं. ऊन नाही, पूर नाही, ताप नाही, खाडा नाही. मीठही सोडलं, कारण चुना पांढरा आणि मीठही पांढरं. विडी सोडली. म्हणाले, "धुराड्यात काजळी धरते ना? मग?" तूप सोडलं, कारण थंड झालं की ते भांड्याला चिकटतं. ज्या वस्तूचा थर बसतो ती वस्तू बंद. राहिलं काय, तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, केळी. सगळं अळणी.

एकदा मी त्यांच्या चुलीवरचं भांडं पाहिलं. पाणी उकळून उकळून आत पांढरं कडं बसलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या नदीचाही थर बसतो की."

ते कितीतरी वेळ भांड्यात बघत राहिले. मग म्हणाले, "पातळ आहे." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बाजारातून नवीन भांडं आणलं.

कारण मात्र कुणाला सांगायचं नाही. आणि आपल्याकडे माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. बाबूराव 'नको' म्हणायचे. चहा नको, सरबत नको, जेवण तर नकोच, कारण ते त्याच पाण्यात शिजलेलं. लग्न असो, बारसं असो, आपला फिरकीचा तांब्या घेऊन कोपऱ्यात बसायचे. लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. ज्यांनी पंगतीत त्यांचं पान मांडलं नव्हतं ते म्हणाले, आता आला शुद्धीवर, सोवळा झाला. बाकीचे म्हणाले, मिस्त्रीच्या अंगात आलंय. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी म्हणायची, "माझ्या घरचं पाणी चालत नाही, मग माझ्या घरची सावली तरी कशाला?" आणि ते येताना दिसले की दार लावून घ्यायची. हळूहळू त्यांना बोलावणं बंद झालं. बोलावून करायचं काय? पाणीही न पिणाऱ्या पाहुण्यासमोर माणसाला खाता येत नाही.

मला कारण कळलं ते माझ्या पोरामुळे. माझा थोरला तेव्हा रांगत होता. एका सकाळी दार उघडते तर उंबऱ्यावर नदीच्या पाण्याची भरलेली कळशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहिले आणि त्यांना पकडलं.

"काय हो, आमचं पाणी विटाळलं का, म्हणून तुमचं आणून ठेवता?"

त्यांनी कळशी उंबऱ्यावर टेकवली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही मोठ्या आहात, तुमचं तुम्ही बघा. पण पोराला हे पाजा." आणि सगळं सांगितलं. साहेब, शपथ, थर. "शपथ मोडली मी आज," म्हणाले. "लहान पोर आहे म्हणून."

मी ऐकून घेतलं. गढूळ पाणी पोराला पाजायला मी काही वेडी नव्हते. माझी आजेसासू भंडाऱ्याचं पाणी पिऊन दात पडून पुन्हा यायची वेळ येईपर्यंत जगली होती. ती कळशी मी रोज तुळशीला घालायची. तुळस मात्र छान झाली.

पण त्या दिवसापासून मला त्यांची कीव यायला लागली. राग आला असता तर बरं झालं असतं.

मग ईद आली. दर ईदेला बाबूराव गफूरभाईंकडे शीरखुर्मा खायचे, माणसं नावं ठेवत तेव्हाही. त्या ईदेलाही गेले, नवीन टोपी घालून. गफूरभाईंनी गळामिठी मारली, अत्तर लावलं, त्यांच्या बायकोने, भाभींनी, वाटी पुढे ठेवली. बाबूरावांनी वाटीला हात लावला नाही. मी भाभींना सेवयांसाठी आमच्याकडचं पातेलं द्यायला गेले होते, तशीच तिथे उभी होते.

"खा रे, ठंडा होतोय," गफूरभाई म्हणाले.

"नको."

"मीठा नको? बरं, पाणी तरी घे."

"नको गफूर."

खोलीत पाहुणे होते. गफूरभाईंनी विडी विझवली आणि हळूच म्हणाले, "बाबू, मुल्क बँटा तब तूने पिया. अब क्या हुआ?"

बाबूराव उठले. टोपी नीट केली आणि निघून गेले. ती वाटी तशीच राहिली. भाभींनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही.

मला ते बघवलं नाही. शपथ त्यांची होती, माझी नव्हती. मी दोन दिवसांनी पातेलं आणायला गेले तेव्हा भाभींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता गफूरभाई पोट धरून हसतील आणि येऊन मित्राच्या पाठीत धपाटा घालतील.

गफूरभाई आले. बाबूरावांचा आणि आमचा ओटा एकच, मधे फक्त लाकडी खांब. मी तांदूळ निवडत होते. गफूरभाई बसलेसुद्धा नाहीत.

"वहिनी कहती है, इस पानी से आदमी मरता है. सच है?"

बाबूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदळात पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले.

"वहिनीच्या पोरासाठी सांगितलंस."

"हो."

"मला नाही सांगितलं."

"शपथ होती गफूर. आणि तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास का? मोहल्लाभर ओरडला असतास."

"हां, चिल्लाता," गफूरभाई म्हणाले. "अपने लोग मरते हों तो आदमी चिल्लाता है. तू रोज मेरे सामने बैठा. मैं पीता रहा, तू देखता रहा."

पाण्यात काही नाही हे गफूरभाईंनाही मनातून माहीत असेल. पण बाबूरावांना वाटत होतं ना, की आहे! आणि असं वाटत असूनही ते गप्प राहिले होते. गफूरभाई गेले ते परत त्या ओट्यावर आले नाहीत. पाणी मात्र भंडाऱ्याचंच पीत राहिले. भाभी सांगायच्या, मुद्दाम दोन पेले पितात.

त्यानंतरची वर्षं बाबूरावांनी कशी काढली देव जाणे. त्याच सुमाराला भाषेवरून प्रांत बदलले. आमची कचेरी नागपूरकडे होती ती भोपाळकडे गेली. ज्यांना मराठी मुलुखात जायचं होतं ते गेले, कुणी जळगावला, कुणी नागपूरला. आमच्या गल्लीतली अर्धी दारं बदलली. नवीन माणसं हिंदी बोलणारी. त्यांना बाबूराव म्हणजे कळशी घेऊन जाणारा म्हातारा, एवढंच. पाणी पीत नाही म्हणून रागवायलासुद्धा कुणी उरलं नाही. ते संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि खांब वाजवायचे. मी आतून म्हणायची, "भाऊजी, वाळवी नाही लागली अजून." ते म्हणायचे, "बघितलं आपलं." तेवढंच आमचं बोलणं.

एका दुपारी भाभींचा आरडाओरडा ऐकू आला. गफूरभाई मागावरून खाली पडले होते. उजवं अंग गेलं, जीभ गेली. लकवा. मी धावले. माझ्या आधी बाबूराव पोचले होते. भरल्या केसांचा तरुण डॉक्टर होता, नुकताच इंदूरकडून आलेला. त्याने गफूरभाईंच्या दंडाला पट्टा बांधला, काट्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाबूराव म्हणाले, "पाण्यानेच ना?"

"कोणत्या पाण्याने?"

मग बाबूरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब तेव्हा बदलून कुठल्या कुठे गेला होता. डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला. दोनदा फुगवला. मनगट दाबून पाहिलं, छाती ऐकली.

"बाबा, वय काय तुमचं? शिरा तिशीतल्या पोरासारख्या आहेत."

"मी नदीचं पितो म्हणून."

"नाही हो," डॉक्टर म्हणाला. "पाण्यातला चुना शिरेत जाऊन बसत नाही. नदीचं प्या नाहीतर भंडाऱ्याचं. तुम्ही रोज दोन वेळा घाट चढता ना, कळशी घेऊन? मीठ खात नाही, विडी ओढत नाही. त्याने झालं हे. आणि हे तुमचे मित्र दिवसभर बसून, विडी ओढून, आणि प्रेशर कधी कुणी तपासलंच नाही. पाण्याचा काही संबंध नाही."

माणसाचं घर पडताना मी पाहिलंय, पण त्याला आवाज असतो. बाबूरावांचा चेहरा आवाज न होता पडला. पाण्याचा काही संबंध नाही. म्हणजे ती ईद, ती वाटी, ती सगळी दारं. आणि चालणं गफूरभाईंनाही जमलं असतं. रोज दोघं मिळून घाटावर गेले असते तर.

ते माठाजवळ गेले. "भाभी, पाणी द्या."

भाभींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पेला भरून दिला. बाबूराव गफूरभाईंच्या खाटेशी उभे राहून प्यायले. इतक्या वर्षांनी प्यायले, घशातून उतरताना दिसत होतं. गफूरभाई बघत होते. पेला संपला तेव्हा त्यांनी जमेल तशी मान भिंतीकडे वळवली.

बाबूराव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. रोज संध्याकाळी जायचे, खाटेशी बसायचे, एक पेला पाणी मागून प्यायचे, आणि गफूरभाई भिंतीकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "त्याला नको आहात तुम्ही, कशाला जाता?" ते म्हणाले, "मलाही लोकांनी नको म्हटलंच की. मी मेलो का?" असं उलट बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पावसाळा गेला, थंडी आली. एका संध्याकाळी ते परत आले आणि ओट्यावर न बसता सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, आज भाभी पाणी द्यायला विसरल्या. मी मागितलं नाही, म्हटलं कामात आहेत. तर गफूरने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. मारत राहिला. भाभी धावत आल्या. त्यांना वाटलं त्याला काही झालं. तर हा माठाकडे हात करतोय आणि माझ्याकडे हात करतोय."

मी म्हटलं, "बरं झालं."

ते तिथेच उभे. "माठाकडे, मग माझ्याकडे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. मी पुन्हा 'बरं झालं' म्हटलं.

त्या थंडीतच गफूरभाई गेले. भाभींना मुलगा मालेगावला घेऊन गेला, माग विकला. त्या घरात दुसरं कुणी राहायला आलं. बाबूराव आता कुणाच्याही घरी पाणी प्यायला तयार होते, पण ते पाणी पीत नाहीत हे गावाला इतकं पाठ झालं होतं की पेला कुणी पुढे करतच नव्हतं. मी देत असे. ते पेला दोन्ही हातांनी घ्यायचे.

आणि ते जगत राहिले. माझे सासू-सासरे गेले, हे गेले, तालमीतला शेवटचा माणूस गेला. बाबूरावांना साधी धापही लागायची नाही. आता पाण्यासाठी जायचं कारण नव्हतं, तरी दोन्ही वेळा नदीवर जायचे, रिकाम्या हातांनी. डोळे चांगले, पाय चांगले, छाती चांगली. डॉक्टर रस्त्यात भेटला की इतरांना दाखवायचा, बघा, शंभर गाठतील.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते राजघाटावर. मी नातीला घेऊन दिवा सोडायला गेले होते. संध्याकाळ होती. बाबूराव खालून वर येत होते, काठी नाही, कठड्याला हात नाही. अर्ध्या पायऱ्यांवर ते थांबले. चाळिशीची माणसं तिथे थांबून श्वास घेतात, म्हणून मला वाटलं, अखेर दमले.

पण ते मागे वळून खालच्या पायऱ्यांकडे बघत होते. कुणी चढून येत असेल तर त्याला सोबत घ्यावं, तसे. खाली कुणी नव्हतं. ते बराच वेळ थांबले. मग राहिलेल्या पायऱ्या भराभर चढून गेले.